सुटे भाग आणि त्यांचा सांधा



एरवी या मालिकेत मी तुमच्याशी लढायांबद्दल, तोफांबद्दल, सैन्याच्या रसदीबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, साहेबांना हे काय सुचलं? आज बोलायचंय ते बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती अशा मोठ्या संस्थांची वेब अ‍ॅप्लिकेशन्स कशी बांधली गेली त्याबद्दल. त्यातही सुटे भाग जोडून ती बांधण्याची जी रीत आहे, तिच्या इतिहासाबद्दल. पण हा विषय माझ्याकडे फौजेच्याच वाटेनं आला. कसा, ते आधी सांगतो.

मी ईएमईमध्ये होतो. सैन्यात रायफलीपासून रणगाड्यापर्यंत जे बिघडेल ते दुरुस्त करून परत द्यायचं, हे ईएमईचं काम. निवृत्तीनंतर सिकंदराबादलाच राहिलो. माझ्या वर्कशॉपमधले एक हवालदार, मूळचे सातारा जिल्ह्यातले, तेही इथेच स्थायिक झाले होते. ते गेल्यावर कागदपत्रांत त्यांच्या पत्नीच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं निघालं आणि कुटुंब निवृत्तिवेतन अडकलं. दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. कुठल्या संकेतस्थळावर ते सांगत नाही, कारण ही गोष्ट एकाच संकेतस्थळाची नाही.

वहिनी आमच्या घरी आल्या. पाच पानांचा अर्ज होता. तिसऱ्या पानावर डिस्चार्ज बुकातला एक क्रमांक हवा होता, आणि ते पुस्तक घरी राहिलं होतं. मुलगा स्कूटरवरून जाऊन घेऊन आला. यात पाऊण तास गेला. सगळं भरून शेवटचं बटण दाबलं, तर पडद्यावर एक ओळ आली: तुमच्या सेशनची मुदत संपली आहे, पुन्हा लॉगिन करा. पाचही पानं कोरी. दुसऱ्यांदा भरलं. या वेळी मी मागचं पान तपासायला म्हणून ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबलं, आणि पुन्हा तेच.

वहिनींनी हळूच विचारलं, "साहेब, माझं काही चुकलं का?"

मला उत्तर देता आलं नाही. पण दुरुस्तीवाल्याची खोड जात नाही. एखादी वस्तू एकदा बिघडली तर आपण ती वस्तू बघतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा बिघडली तर तिचा आराखडा बघतो. म्हणून मी या बिघाडाचा इतिहास शोधत गेलो. तो मला थेट बंदुकीच्या कारखान्यात घेऊन गेला.

बंदुकीचा चाप

अठराव्या शतकापर्यंत बंदूक हातानं घडत असे. कारागीर एकेक भाग कानशीनं घासून दुसऱ्यात बसवायचा. एका बंदुकीचा भाग दुसरीत बसत नसे. रणांगणात चाप मोडला की ती बंदूक निकामी, मग शेजारी दहा मोडक्या बंदुका पडलेल्या असल्या तरी.

फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ नावाच्या बंदूककारानं यावर काम केलं. १७८५ मध्ये अमेरिकेचे पॅरिसमधले प्रतिनिधी थॉमस जेफरसन त्याच्या कारखान्यात गेले. चापाचे सुटे भाग वेगवेगळ्या ढिगांत ठेवले होते. जेफरसननी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही चाप जोडले, आणि ते बसले. त्यांनी लगेच मायदेशी पत्र लिहून हे कळवलं.

अमेरिकेत या कल्पनेला नाव मिळालं ते एली व्हिटनीमुळे. १७९८ मध्ये त्यानं सरकारकडून १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं. मुदत होती सुमारे दोन वर्षांची. १८०१ मध्ये त्यानं वॉशिंग्टनमध्ये बड्या लोकांसमोर सुटे भाग जोडून दाखवले आणि सगळे खूश झाले. शेवटची बंदूक मात्र १८०९ मध्ये हाती आली. पुढे इतिहासकारांनी त्याच्या शिल्लक राहिलेल्या बंदुका उघडून पाहिल्या. भाग एकमेकांत बसत नव्हते. कोणता भाग कुठल्या बंदुकीचा, याच्या खुणा केलेल्या होत्या. म्हणजे दाखवलं एक आणि पुरवलं दुसरं. मंडळी, हे प्रात्यक्षिक लक्षात ठेवा.

खरं काम केलं जॉन हॉल या माणसानं, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात, १८२० च्या दशकात. त्याचा भर होता गेजवर. गेज म्हणजे मापाचा साचा. भाग त्यात बसला तर पास, नाही बसला तर बाद. प्रत्येक भागासाठी गेज, आणि त्या गेजांची तपासणी करायला आणखी गेज. सरकारनं यावर वर्षानुवर्षं पैसा ओतला, तेव्हा कुठे कुठल्याही रायफलीचा भाग कुठल्याही रायफलीत बसू लागला.

आम्ही कॉलेजात एनसीसीत .३०३ रायफल चालवायचो. तिच्या बोल्टवर रायफलीचाच नंबर असे, आणि उस्ताद बजावायचे की बोल्टची अदलाबदल करायची नाही. तेव्हा वाटायचं, सगळे बोल्ट सारखेच तर दिसतात. पुढे वर्कशॉपमध्ये कळलं की दिसायला सारखं असणं आणि गेजला उतरणं यात फरक आहे. सुटा भाग बनवणं सोपं असतं. कठीण असतो तो दोन भागांमधला सांधा.

गार्मिश, १९६८

आता एकदम दीडशे वर्षं पुढे येऊ. ऑक्टोबर १९६८. पश्चिम जर्मनीत आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश नावाचं गाव आहे. तिथे संगणकशास्त्रातली पन्नासेक माणसं आठवडाभर जमली. बोलावणारी संस्था कोण? नेटोची विज्ञान समिती. होय, तीच लष्करी नेटो. प्रश्न असा होता की संगणक झपाट्यानं ताकदवान होत होते, पण त्यांवरचे मोठे प्रोग्रॅम वेळेत होत नव्हते, खर्चात बसत नव्हते आणि चालताना कोसळत होते. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द या परिषदेमुळेच रूढ झाला. जे शिस्तबद्ध इंजिनिअरिंग अजून नव्हतंच, त्याचं नाव परिषदेला मुद्दाम दिलं होतं, म्हणजे लोकांना ते टोचावं.

त्या परिषदेत बेल लॅबच्या डग्लस मॅकिलरॉय यांनी एक निबंध मांडला. विषय होता, मोठ्या प्रमाणावर तयार होणारे सॉफ्टवेअरचे सुटे भाग. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: इतर उद्योगांत माणूस कॅटलॉग उघडतो आणि हवा तो भाग निवडतो. आम्ही मात्र प्रत्येक वेळी स्क्रूसुद्धा घरी घडवतो. त्यांनी उदाहरण दिलं त्रिकोणमितीतल्या साइनचं. साइन काढणारा प्रोग्रॅम प्रत्येकानं नव्यानं का लिहावा? कुणाला अचूकता जास्त हवी, कुणाला वेग, कुणाला मेमरी कमी लागायला हवी. अशा सगळ्या मापांचे तयार भाग मिळावेत, आणि ते आतून कसे बनले आहेत हे घेणाऱ्याला बघावं लागू नये.

हा विचार कारखान्यातलाच आहे. पुढची पन्नास वर्षं सॉफ्टवेअरवाले याच वाटेवर चालत आले. १९८० च्या दशकात ब्रॅड कॉक्स यांनी ऑब्जेक्टिव्ह-सी ही भाषा तयार केली आणि सॉफ्टवेअरच्या भागांना इलेक्ट्रॉनिक चिपची उपमा दिली. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक आलं. त्यात बटण, तक्ता, यादी हे भाग माउसनं उचलून पडद्यावर ठेवायचे आणि प्रत्येकाला सांगायचं, तुला दाबलं की हे कर. बाहेरच्या कंपन्या तयार भाग बनवून विकू लागल्या. एखादा कॅलेंडरचा भाग विकत घ्या, बसवा, कामाला लागा. मॅकिलरॉय यांचा कॅटलॉग आता खरंच हाती येतोय असं वाटू लागलं होतं.

आणि तेवढ्यात वेब आलं.

खिडकीवरचा विसरभोळा कारकून

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर लिहिला. शास्त्रज्ञांनी एकमेकांचे कागद वाचावेत, हा मूळ हेतू. म्हणून नियमही साधा ठेवला. तुम्ही पान मागा, सर्व्हर पान देईल, आणि देऊन विसरून जाईल.

एखाद्या कचेरीची खिडकी डोळ्यांसमोर आणा. आतला कारकून असा आहे की तुम्ही मागाल तो कागद तो देतो, पण तुम्ही खिडकीपासून एक पाऊल मागे सरलात की तो तुम्हाला ओळखत नाही. पुन्हा आलात की पुन्हा पहिल्यापासून. कागद वाटायचे असतील तर हा कारकून उत्तम. तो थकत नाही, गोंधळत नाही, आणि एकाच्या जागी दहा बसवले तरी फरक पडत नाही. वेब जगभर एवढ्या झपाट्यानं पसरलं, त्यात या विसरभोळेपणाचा मोठा वाटा आहे.

पण लोकांना या खिडकीवर बँकेचे व्यवहार करायचे होते, तिकिटं काढायची होती, पाच पानांचे अर्ज भरायचे होते. अर्जाच्या चौथ्या पानावर आलेल्या माणसाला पहिल्या पानावर काय लिहिलं हे आठवणारा कुणीतरी लागतो.

१९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकीची युक्ती काढली. म्हणजे कारकून तुम्हाला टोकन देतो. तुमची फाइल आतल्या कपाटात राहते. पुढच्या वेळी टोकन दाखवा, तो फाइल काढतो. या कपाटातल्या फाइलचं नाव सेशन. पण कपाट केवढं असणार? माणसं येतात, अर्धवट काम टाकून निघून जातात, फाइल पडून राहते. म्हणून नियम केला की ठरावीक वेळ कुणी फिरकलं नाही तर फाइल फेकून द्यायची. मायक्रोसॉफ्टच्या एएसपीमध्ये हा वेळ मुळात २० मिनिटं असे. जावाच्या टॉमकॅट सर्व्हरमध्ये ३० मिनिटं. तो वाढवता येतो, पण पुष्कळ ठिकाणी कुणी त्याला हात लावत नाही.

डिस्चार्ज बुक आणायला वहिनींच्या मुलाला लागला पाऊण तास. आता हिशेब लागतो ना?

वेबऑब्जेक्ट्स

या विसरभोळ्या खिडकीवर सुट्या भागांची रीत पहिल्यांदा नीट बसवली ती नेक्स्ट या कंपनीनं. अ‍ॅपल सोडावं लागल्यावर स्टीव्ह जॉब्ज यांनी १९८५ मध्ये ही कंपनी काढली होती. योगायोग बघा, बर्नर्स-ली यांनी वेब लिहिलं तेही नेक्स्टच्याच संगणकावर. १९९६ मध्ये नेक्स्टनं वेबऑब्जेक्ट्स हे उत्पादन बाजारात आणलं.

यात पान म्हणजे एक सुटा भाग, आणि पानाच्या आतही सुटे भाग. पत्त्याची चौकट, मालाची यादी, बेरजेची ओळ. प्रत्येक भागाला तीन गोष्टी: तो दिसतो कसा याचा साचा, त्याचं वागणं सांगणारा प्रोग्रॅम, आणि या दोघांना जोडणारी सांध्यांची यादी. कुठल्या रकान्यात कुठली माहिती जायची, हे त्या यादीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं टोकन, फाइल, कपाट याचा विचारच करायचा नाही. तो असं समजून लिहायचा की समोर एकच माणूस बसलाय आणि मशीनला सगळं आठवतंय. आठवण्याची जबाबदारी आतल्या यंत्रणेची.

डेलनं १९९६ मध्ये संगणकांची ऑनलाइन विक्री सुरू केली ती यावर. १९९७ मध्ये त्यांची विक्री दिवसाला सुमारे १० लाख डॉलरवर गेली. डिसेंबर १९९६ मध्ये अ‍ॅपलनं नेक्स्ट विकत घेतल्याचं जाहीर झालं, आणि डेलची पंचाईत झाली, कारण दुकान प्रतिस्पर्ध्याच्या मालावर उभं होतं. त्यांनी ते हलवलं. अ‍ॅपलनं स्वतःचं ऑनलाइन दुकान १० नोव्हेंबर १९९७ ला उघडलं ते याच वेबऑब्जेक्ट्सवर, आणि पुढे २००३ मध्ये गाण्यांचं आयट्यून्स दुकानही. त्याची किंमत आधी ५०,००० डॉलर होती. २००० मध्ये अ‍ॅपलनं ती ६९९ डॉलरवर आणली.

काम उत्तम होतं, पण कपाट तेच. भेट दिलेली पानं सर्व्हर स्वतःजवळ जपून ठेवायचा, आणि त्यालाही मर्यादा होती. माणूस ब्राउझरचं मागे जाण्याचं बटण दाबत फार मागे गेला की यंत्रणा तक्रार करायची, तुम्ही खूपच मागे गेलात. मी हे वाचलं तेव्हा हसलो. वहिनींच्या अर्जात माझं बटण दाबणं आडवं आलं होतं, आणि हा बिघाड १९९६ पासून लोकांना माहीत होता.

जावा, मायक्रोसॉफ्ट आणि अमीरपेठ

यानंतर रांगच लागली. वेबऑब्जेक्ट्सपासून स्फूर्ती घेऊन हॉवर्ड लुईस शिप यांनी २००० च्या सुमारास जावामध्ये टॅपेस्ट्री लिहिलं. २००४ मध्ये जोनाथन लॉक यांचं विकेट आलं; नाव ऐकून आपल्याला क्रिकेट आठवतं, पण हेही सुट्या भागांचं फ्रेमवर्कच. त्याच वर्षी मार्चमध्ये जावा सर्व्हर फेसेस, म्हणजे जेएसएफ, हे जावाचं अधिकृत प्रमाण म्हणून जाहीर झालं. अनेक कंपन्यांनी मिळून गेज ठरवायचा, आणि मग कुणीही त्या गेजचे भाग बनवून विकायचे, अशी ती कल्पना. हॉलच्या कारखान्याशी तिचं नातं जवळचं आहे.

मायक्रोसॉफ्टकडे स्कॉट गथ्री या तरुणानं १९९७ च्या नाताळात पहिला नमुना लिहिला होता. त्यातून २००२ मध्ये एएसपी डॉट नेट आणि त्यातलं वेब फॉर्म्स आलं. व्हिज्युअल बेसिकवाल्यांना सांगितलं गेलं, तुमची सवय बदलू नका. बटण उचला, पानावर ठेवा, त्यावर दोनदा क्लिक करा, प्रोग्रॅम लिहा. ते वेब आहे हे विसरा.

त्या दिवसांत आमच्या इथल्या अमीरपेठेत फिरलं की इमारतींवर एकावर एक पाट्या दिसायच्या: जावा, जेटूईई, डॉट नेट. हैदराबाद, पुणे, बंगळूर, चेन्नई इथल्या कंपन्यांत लाखो मुलामुलींनी याच चौकटींवर परदेशी बँकांची, विमा कंपन्यांची आणि आपल्या खात्यांचीही अ‍ॅप्लिकेशन्स उभी केली. आमच्या शेजारचा नागपूरचा मुलगा त्यातलाच. तीन महिन्यांचा वर्ग केला आणि नोकरीला लागला. सुट्या भागांचा हा मोठा फायदा आहे, तो मान्य केला पाहिजे. कालपर्यंत जे काम मोजके उस्ताद करायचे, ते नवशिका फिटर करू लागला.

मग अडलं कुठे? सांध्यात. वेब फॉर्म्समध्ये कपाटाचा भार हलका करायला एक युक्ती होती: व्ह्यूस्टेट. पानावरच्या भागांची स्थिती कपाटात न ठेवता पानाच्या पोटात लपवून तुमच्याच हाती द्यायची. खिडकीवर याल तेव्हा सगळं ओझं परत आणा, जाताना परत न्या. पान साधं असेल तर ठीक. पण तक्ते मोठे झाले की हे लपलेलं ओझं शेकडो किलोबाइटचं व्हायचं. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट वापरणाऱ्या माणसाला एक बटण दाबून चहा पिऊन यावं लागे. पान मंद का चालतंय हे त्याला कळत नसे, आणि पुष्कळदा ते बनवणाऱ्यालाही कळत नसे, कारण ओझं चौकटीनं झाकलेलं होतं.

जेएसएफमध्ये स्थिती सर्व्हरवर ठेवा किंवा पानात ठेवा, असा पर्याय होता. सर्व्हरवर ठेवली आणि मुदत संपली की चूक यायची, तिचं नाव व्ह्यू एक्स्पायर्ड. विकेटमध्ये तिचं नाव पेज एक्स्पायर्ड. जुन्या टॅपेस्ट्रीत स्टेल सेशन, म्हणजे शिळं सेशन. चौकटी तीन, बनवणारे वेगळे, आणि बिघाड मात्र एकच. तिघांनीही विसरभोळ्या कारकुनाला सगळं आठवतं असा देखावा उभा केला होता. प्रात्यक्षिकात तो चालतो, कारण प्रात्यक्षिक पाच मिनिटांचं असतं. डिस्चार्ज बुक आणायला कुणी उठून जात नाही. एली व्हिटनीचं प्रात्यक्षिक लक्षात ठेवा म्हणालो होतो, ते यासाठी.

भाग ब्राउझरमध्ये गेले

२००४ मध्ये जीमेल आलं आणि लोकांनी पाहिलं की पान न बदलताही काम होऊ शकतं. ब्राउझर मागच्या मागे सर्व्हरशी बोलू शकतो. मग हळूहळू विचार पालटला. फाइल सर्व्हरच्या कपाटात का ठेवायची? माणसाच्या स्वतःच्या टेबलावर, म्हणजे त्याच्या ब्राउझरमध्येच राहू दे. काम पुरं झालं की खिडकीवर एकदाच नेऊन द्यायची. कारकून विसरभोळा आहे ना, राहू दे त्याला तसाच. विसरभोळेपणाशी भांडणं सोडलं आणि गाडी पुढे सरकली.

मे २०१३ मध्ये फेसबुकनं रिअ‍ॅक्ट सगळ्यांसाठी खुलं केलं. जॉर्डन वॉक या त्यांच्या अभियंत्यानं ते तयार केलं होतं. त्यातही पान म्हणजे सुट्या भागांची जुळणी, पण प्रत्येक भागाचा नियम कडक: बाहेरून काय मिळतं आणि आतलं काय आहे हे वेगळं ठेवायचं, आणि माहिती वरून खाली एकाच दिशेनं वाहील. २०१४ मध्ये इव्हान यू यांचं व्ह्यू आलं, २०१६ मध्ये गुगलचं नवं अँग्युलर. आज मोठ्या संस्थांची बहुतेक नवी अ‍ॅप्लिकेशन्स अशाच भागांची असतात. गार्मिशला मांडलेली कल्पना अखेर जिंकली असं म्हणायला हरकत नाही.

तरी सांध्याचा प्रश्न संपला नाही. रिअ‍ॅक्टचा भाग अँग्युलरमध्ये सरळ बसत नाही, जसा विकेटचा जेएसएफमध्ये बसत नव्हता. वेब कंपोनंट्स नावाचं सगळ्या ब्राउझरांचं सामायिक प्रमाण आहे, २०२० पर्यंत सगळ्या प्रमुख ब्राउझरांनी ते स्वीकारलं. पण चौकटीवाले अजून आपापल्या गेजवरच मुख्यतः काम करतात.

आणि दुसरा प्रश्न रसदीचा. मॅकिलरॉय यांचा कॅटलॉग आज खरोखर आहे. एनपीएम नावाच्या भांडारात २०१९ मध्येच दहा लाखांहून जास्त भाग होते. पण भाग कुठून आला हे न विचारता लोक उचलू लागले. मार्च २०१६ मध्ये एका लेखकानं वादातून आपले भाग तिथून काढून घेतले. त्यात लेफ्ट-पॅड नावाचा ११ ओळींचा एक भाग होता. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण त्यावर इतर भाग टेकलेले होते. जगभर हजारो ठिकाणी बांधकाम काही तास अडलं.

ते निभावलं. २०१७ मध्ये निभावलं नाही. अमेरिकेत इक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी आहे. तिच्या एका वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये स्ट्रट्स हे जुनं, प्रसिद्ध जावा फ्रेमवर्क होतं. त्यात दोष सापडला आणि मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती जाहीरही झाली. कंपनीनं आपल्या त्या जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये ती बसवली नाही. मे ते जुलैच्या दरम्यान चोरट्यांनी सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती नेली. चौकशीत जे बाहेर आलं त्यातली मुख्य गोष्ट ही, की कुठला भाग कुठे बसवलाय याची पुरी यादीच त्यांच्याकडे नव्हती.

मंडळी, आमच्या वर्कशॉपमध्ये एखाद्या भागाच्या तुकडीत खोट निघाली की वरून पत्र यायचं: अमुक नंबरचे भाग वापरू नका, बसवलेले काढा. कुठल्या गाडीत कुठला भाग आहे ते लेजरमध्ये नसेल तर ते पत्र म्हणजे रद्दी. लेजर लिहिणारा स्टोअरकीपर कुणाला आठवत नाही, पण तो नसला तर सुट्या भागांची सगळी सोय उलटी अंगावर येते.

वहिनींचा प्रश्न

आता मूळ जागी परत येतो.

त्या संकेतस्थळाच्या आत कुठलं फ्रेमवर्क होतं मला माहीत नाही, आणि त्यानं फारसा फरकही पडत नाही. दोष एकट्या फ्रेमवर्कचा नव्हता. मुदत संपायच्या आधी सूचना देता येते. प्रत्येक पान भरल्यावर ते जपून ठेवता येतं. या दोन्ही गोष्टी २००४ मध्येही शक्य होत्या. सुरक्षेसाठी लॉगिनची मुदत असणं योग्यच आहे. पण लॉगिन संपलं म्हणून लिहिलेलं पुसलं जावं, असा कुठलाही नियम नाही. चौकटीनं सांधा झाकला होता, आणि बांधणाऱ्यानं तो उघडून पाहिला नाही. वीस मिनिटांत सगळी कागदपत्रं हाताशी घेऊन बसणारा माणूस त्यानं गृहीत धरला. गेज एका माणसाच्या मापाचा बनवला, आणि वहिनी त्यात बसल्या नाहीत म्हणून बाद झाल्या.

माझं ऐकणाऱ्यांत आणि आता वाचणाऱ्यांत इंदूर, बडोदा, बेळगाव, बंगळूर इथली मंडळी आहेत, आणि तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं हेच काम करतात. त्यांना एवढंच सांगा. तयार भाग जरूर वापरा. त्यासाठी लोकांनी दोनशे वर्षं डोकं लावलंय. पण बसवताना विचारा: हा भाग कुठल्या गोष्टीवर टेकलाय? तो काय लपवतोय? आणि तो तुटला तर ओझं कुणाच्या डोक्यावर पडणार? इतिहास सांगतो की ते बहुतेक वेळा खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसावरच पडतं.

तिसऱ्या खेपेला आम्ही आधी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडली, उत्तरं वहीत लिहून काढली, आणि मग संगणक सुरू केला. बारा मिनिटांत अर्ज गेला. पावतीचा कागद प्रिंटरमधून निघाल्यावर वहिनींनी तो दोनदा घडी घालून पिशवीत ठेवला. निघताना मी त्यांना म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, माझं काही चुकलं का म्हणून. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या जातीची होती."

त्या म्हणाल्या, "मग दुरुस्त करा की, साहेब."

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार. जय हिंद.